कॅराव्हॅनमधील गॅसगळती: पचमढीला निघण्यापूर्वी काय बदलून घ्यावे?

मानेवाडा_प्रवासी

नमस्कार. आम्ही नागपुरात मानेवाडा भागात राहतो. घरात मी, पत्नी, दोन मुले आणि ७४ वर्षांची आई असे पाच जण आहोत. आईच्या गुडघ्यांना हॉटेलचे जिने आणि बसच्या पायऱ्या झेपत नाहीत, म्हणून या वर्षी एक जुनी टेंपो ट्रॅव्हलर विकत घेऊन एका कारागिराकडून तिची कॅराव्हॅन करून घेतली. झोपण्याच्या जागा, छोटा ओटा, फ्रीज आणि न्हाणी अशी सोय तीत आहे. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात छिंदवाड्यामार्गे पचमढी आणि परतताना पेंच असा सहा दिवसांचा बेत आहे.

गाडीची चाचणी घ्यावी म्हणून मागच्या शनिवारी रामटेकला गेलो आणि खिंडसी तलावाजवळ रात्री मुक्काम केला. वरण-भात आणि पोळ्या गाडीतच केल्या. पहाटे साडेचारच्या सुमारास आई पाणी प्यायला उठली आणि वाकून चपला शोधत असताना तिला गॅसचा वास आला. तिच्या हाकेने मी उठून उभा राहिलो, तेव्हा मला तो वास मुळीच जाणवला नाही, आणि वरच्या बर्थवरच्या मुलांनाही जाणवला नव्हता. मी सवयीने आधी दिवा लावला, मग खाली वाकलो, आणि तेव्हा कुठे मला वास आला. शेगडीची दोन्ही बटणे बंद होती, परंतु रेग्युलेटर रात्रभर चालूच राहिला होता. तो बंद केला, दारे-खिडक्या उघडल्या आणि सगळ्यांना शाली गुंडाळून बाहेर बसवले. उजाडल्यावर साबणाचे पाणी लावून पाहिले, तर नळी प्लायवूडच्या फळीतून जिथे आरपार जाते तिथे फेस आला.

सध्याची मांडणी अशी आहे: घरगुती १४.२ किलोचा सिलेंडर ओट्याखालच्या बंद कपाटात ठेवलेला आहे. तेथून साधारण अडीच मीटर रबरी नळी निघते, तिचा एक फाटा शेगडीला आणि दुसरा न्हाणीतल्या गॅस गिझरला जातो. आणि शेजारच्या आसनाखाली फ्रीजचा कॉम्प्रेसर व पाण्याचा पंप आहे. कारागिराचे म्हणणे असे की नळी बदलली म्हणजे काम झाले. माझे मन मात्र ते मान्य करत नाही, कारण त्या रात्री आई उठली नसती तर काय झाले असते हा विचार डोक्यातून जात नाही. केवळ नळी बदलणे पुरेसे आहे की सगळी मांडणीच बदलावी लागेल, आणि प्रवासात कोणती शिस्त पाळावी, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

निवृत्त_अग्निशामक

आपल्या मातोश्रींना वास आला आणि आपल्याला आला नाही, यातच आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे. माझे प्रशिक्षण आपल्याच शहरातील राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयात झाले, आणि तेथे शिकलेली एक गोष्ट मी नंतर नोकरीभर लोकांना सांगत आलो: स्वयंपाकाच्या गॅसची गळती शोधताना त्याला हवा समजू नका, पाणी समजा. हा गॅस म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन यांचे मिश्रण. प्रोपेन हवेच्या सुमारे दीडपट जड आणि ब्युटेन सुमारे दुप्पट जड. त्यामुळे गळलेला गॅस वर न जाता जमिनीवर पसरतो, उताराकडे सरकतो आणि खोलगट जागेत साचून राहतो. आपल्या गाडीत पाच बादल्या पाणी ओतले तर ते कुठे साचेल, असे मनाशी विचारा. ओट्याखालच्या कपाटात, आसनांच्या खाली, दाराच्या पायरीपर्यंत. गॅसही तिथेच साचणार, आणि पाण्याला बाहेर पडायला जिथे वाट नाही तिथे गॅसलाही वाट नाही.

आता प्रमाण पाहू. आपल्या गाडीच्या आतली जागा साधारण चार मीटर लांब, पावणेदोन मीटर रुंद आणि तेवढीच उंच धरली, तर ती सुमारे १२ घनमीटर होते. हवेत या गॅसचे प्रमाण सुमारे २ ते ९ टक्के असले की ठिणगीने पेट घेतो. १२ घनमीटरचे २ टक्के म्हणजे सुमारे २४० लिटर वायू. सिलेंडरमधला द्रवरूप गॅस बाहेर पडला की सुमारे २५० पट पसरतो, म्हणजेच १ लिटर द्रव, वजनाने जेमतेम अर्धा किलो, अख्खी गाडी पेटण्याजोगी करायला पुरेसा आहे. प्रत्यक्षात तो सगळीकडे सारखा पसरत नाही, तळाशीच राहतो, त्यामुळे त्याहून कितीतरी कमी गॅसमध्येही पायाखालचा थर पेटण्याच्या प्रमाणात येतो. आपल्या कपाटात १४.२ किलो गॅस ठेवलेला आहे. घरात स्वयंपाकघराचे दार, बाल्कनी, मोरी, दाराखालची फट यांतून गळती काही प्रमाणात निघून जाते. थंडीसाठी काचा घट्ट बंद केलेल्या गाडीत तशी वाट राहत नाही.

आपण दिवा लावलात, याचा दोष मी आपल्याला देत नाही, कारण झोपेतून उठलेला जवळजवळ प्रत्येक माणूस हेच करतो. परंतु यापुढे घरातल्या सर्वांना, मुलांनाही, हे पाठ करायला लावा: वास आला की कोणतेही बटण लावायचे नाही आणि लावलेले बंदही करायचे नाही, कारण ठिणगी दोन्ही वेळा पडू शकते. गाडीचे इंजिन सुरू करायचे नाही, मोबाइल आत हाताळायचा नाही. पाण्याचा नळही उघडायचा नाही. हे ऐकून आश्चर्य वाटेल, पण नळ उघडताच आसनाखालचा पंप आपोआप सुरू होतो आणि त्याचा दाबाचा स्विच नेमका तिथेच असतो जिथे गॅस साचलेला आहे. फ्रीजचाही तोच धोका, आणि तो तर कोणी हात न लावता स्वतःहून चालू होतो. म्हणून आधी माणसे बाहेर काढावीत, वाऱ्याच्या वरच्या बाजूला, गाडीपासून दूर. जाता जाता दारे सताड उघडी ठेवावीत, आणि रेग्युलेटर हाताशी असेल तरच तो बंद करावा. मग लांबून फोन करावा. गॅसगळतीसाठी देशभर १९०६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो. आग लागली असल्यास १०१ किंवा ११२.

वासावर संपूर्ण भिस्त ठेवू नका. गॅसला स्वतःचा वास नसतो. त्यात इथाइल मरकॅप्टन हे उग्र वासाचे द्रव्य मुद्दाम मिसळतात. मंद गळतीत नाक हळूहळू त्या वासाला सरावते, झोपेत तर वासाने जाग येईलच असे नाही, आणि वयानुसार घ्राणशक्तीही कमी होते. आपल्या मातोश्री वाकल्या हे आपले भाग्य.

आता त्याहून गंभीर गोष्ट, जी आपण विचारलेली नाही. न्हाणीतला गॅस गिझर आधी काढा. नळीची गळती निदान वासाने कळते. कार्बन मोनॉक्साईडला वास नाही, रंग नाही, डोळ्यांची आग नाही. बंद, छोट्या जागेत गॅस जळत राहिला आणि ताजी हवा कमी पडली की हा वायू तयार होतो. डोके जड होते, मळमळते, झोप येते, आणि माणसाला दार उघडण्याचे भान राहत नाही. जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधील दामन येथे केरळचे ८ पर्यटक, त्यांत लहान मुलेही होती, थंडीमुळे गॅस हीटर लावून बंद खोलीत झोपले आणि सकाळी उठलेच नाहीत. डिसेंबर २०२४ मध्ये केरळातीलच वडकरा येथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कॅराव्हॅनमध्ये दोघे जण मृतावस्थेत सापडले. तपासात असे आढळले की जनरेटरचा धूर गाडीत शिरला होता. दोन्ही ठिकाणी काहीही पेटले नव्हते, काहीही फुटले नव्हते. पचमढीला डिसेंबरच्या रात्री कडाक्याची थंडी असते, काचा लावल्याशिवाय राहवणार नाही, आणि ऊब यावी म्हणून शेगडी थोडा वेळ पेटती ठेवण्याचा मोह कोणालाही होईल. तो पूर्णपणे टाळावा. ऊब हवी असेल तर रजया वाढवाव्यात.

सहकुटुंब_भ्रमंती

काकांनी सांगितलेल्या प्रत्येक गोष्टीशी मी सहमत आहे. मी धंतोलीत राहते आणि गेली चार वर्षे आमची गाडी ताडोबा, चिखलदरा, भेडाघाट अशी फिरते. गाडीतला स्वयंपाक माझ्याकडे असल्यामुळे गॅसची जबाबदारीही मी माझ्याकडेच ठेवली आहे. ही गोष्ट मी मुद्दाम सांगते. ज्या गाडीत "कोणीतरी बंद केलाच असेल" असे प्रत्येकाला वाटते, त्या गाडीत रेग्युलेटर रात्रभर चालू राहतो. आमच्याकडे एकच व्यक्ती बंद करते आणि मोठ्याने सांगते, आणि ते ऐकल्याशिवाय गाडी चालवणारा किल्ली फिरवत नाही.

शेगडीचे बटण बंद करणे म्हणजे गॅस बंद करणे नव्हे, हे आपल्या अनुभवातून दिसलेच. बटण बंद आणि रेग्युलेटर चालू असेल तर सगळी नळी गॅसने भरलेली राहते आणि जिथे ती दुबळी असेल तिथून गळत राहते. माझी पद्धत अशी आहे की स्वयंपाक संपत आला की आधी रेग्युलेटर बंद करते, नळीतला उरलेला गॅस बर्नरवर जळून ज्योत आपोआप विझू देते आणि मग शेगडीचे बटण बंद करते. गाडी हलणार असेल तेव्हा रेग्युलेटर काढूनच ठेवते आणि सिलेंडरच्या तोंडावर दोरीला बांधलेली प्लास्टिकची टोपी घट्ट बसवते. ती टोपी अनेक जण पहिल्याच दिवशी तोडून टाकतात; कृपया तसे करू नका, कारण आतली रबरी रिंग झिजली असेल तर गॅस अडवायला ती टोपीच कामी येते.

१४.२ किलोचा सिलेंडर गाडीत ठेवू नका. ती घरगुती जोडणी नोंदलेल्या पत्त्यावरच्या स्वयंपाकघरासाठी दिलेली असते, आणि शिवाय सहा दिवसांसाठी इतका गॅस लागतही नाही. ५ किलोचा अधिकृत सिलेंडर गॅस एजन्सीत ओळखपत्र दाखवून मिळतो. आम्हा चौघांना तो आठ-दहा दिवस सहज पुरतो. बाजारात डोक्यावरच बर्नर बसवलेले जे छोटे सिलेंडर मिळतात आणि मोठ्या सिलेंडरमधून चोरून भरून दिले जातात, ते स्वस्त दिसले तरी हात लावू नका. असे भरणे बेकायदेशीर आहेच, आणि त्यांत किती भरले हे कोणी मोजत नाही. काठोकाठ भरलेल्या सिलेंडरमध्ये उन्हाने द्रव प्रसरण पावायला जागाच उरत नाही. नागपूरच्या उन्हाळ्यात बंद गाडी कशी तापते हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. मे महिन्यात आमचा सिलेंडर प्रवास संपताच त्याच दिवशी गाडीतून उतरतो.

सिलेंडर घेताना वरच्या कड्याच्या आतल्या पट्टीवर रंगवलेले अक्षर आणि आकडा वाचा. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, सी म्हणजे जुलै ते सप्टेंबर आणि डी म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. पुढचा आकडा वर्षाचा. ती त्या सिलेंडरच्या पुढील तपासणीची मुदत असते. मुदत उलटून गेली असेल तर तो परत करून दुसरा मागा. देणाऱ्याला समोरच गळती तपासून दाखवायला सांगण्यातही संकोच वाटू देऊ नका.

आणखी एक. हवामान बरे असेल तेव्हा फोडणी आणि पोळ्या आम्ही गाडीच्या बाहेर, छताला लावलेल्या कापडी आडोशाखाली करतो. आत शिजवावे लागलेच तर छतावरची खिडकी आणि दाराची खालची झडप दोन्ही उघडी ठेवते, थंडी वाजली तरी.

मानेवाडा_प्रवासी

काका आणि ताई, आपले मनापासून आभार. काल संध्याकाळी गिझर काढून टाकला. नळी बाहेर काढून पाहिली, तर फळीच्या भोकाची कड तिला घासून घासून वरचा थर पूर्ण गेला होता आणि आतला धागा दिसत होता. ही गाडी जेमतेम ३०० किलोमीटर चालली आहे. सिलेंडरची जागा बदलायची हे आता नक्की झाले, परंतु नेमकी कशी, हे कळत नाही. कारागीर म्हणतो की कपाटाच्या दाराला जाळी लावली की हवा खेळती राहील.

वाडी_फॅब्रिकेशन

कपाटाच्या दाराला जाळी लावणे म्हणजे गॅसला झोपण्याच्या जागेत यायला दार उघडून देणे आहे. दादा, हे काम मुळीच करून घेऊ नका. मी अमरावती रोडवर गाड्यांच्या बॉडीचे काम करतो, आणि गेल्या काही वर्षांत अशा बऱ्याच गाड्या पुन्हा उघडून नीट कराव्या लागल्या, म्हणून थोडे तपशिलात लिहितो.

युरोपात कॅराव्हॅन जुन्या काळापासून आहेत आणि तेथील मानकांनी हा प्रश्न एका साध्या नियमाने सोडवला आहे: सिलेंडर गाडीत असतो, पण राहत्या जागेत नसतो. त्याच्यासाठी पत्र्याचा स्वतंत्र कप्पा असतो, त्याचे दार फक्त बाहेरून उघडते, आतल्या बाजूचा प्रत्येक सांधा हवाबंद असतो, आणि तळाला सरळ रस्त्याकडे उघडणारे भोक असते. ते भोक केवढे, तर कप्प्याच्या तळाच्या क्षेत्रफळाच्या किमान २ टक्के, आणि कप्पा कितीही लहान असला तरी १०० चौरस सेंटीमीटरपेक्षा कमी नाही; म्हणजे १० सेंटीमीटर बाय १० सेंटीमीटरचा चौकोन. काकांनी सांगितलेली पाण्याची कल्पना इथे तंतोतंत लागू होते. मी ग्राहकासमोर कप्प्यात तांब्याभर पाणी ओततो; ते एका क्षणात खाली रस्त्यावर पडले आणि गाडीच्या आत एक थेंबही झिरपला नाही, तरच कप्पा बरोबर झाला असे समजतो.

आपल्या ट्रॅव्हलरमध्ये मागच्या डाव्या कोपऱ्यात ५ किलोच्या सिलेंडरपुरता असा कप्पा बसू शकेल. भोक सायलेन्सरच्या वर येऊ देऊ नका आणि कप्प्यात दिव्याची किंवा बॅटरीची कोणतीही वायर नेऊ नका. भोकाला उंदीर शिरणार नाही इतपत जाड जाळी लावा, बारीक डासांची जाळी नको, कारण आपल्या रस्त्यांच्या धुळीने आणि पावसाळ्यातल्या चिखलाने ती महिनाभरात बुजते. सिलेंडर उभाच असला पाहिजे. तो आडवा झाला तर रेग्युलेटरकडे वायूऐवजी द्रव गॅस येतो आणि शेगडीवर भडका उडतो. म्हणून दोन पट्ट्यांनी, एक खाली आणि एक खांद्यापाशी, असा बांधा की हाताने जोर लावूनही हलू नये.

रबरी नळी कप्प्यातच संपली पाहिजे. रेग्युलेटरपासून कप्प्याच्या भिंतीपर्यंत भारतीय मानक ९५७३ ची, तारेच्या वेष्टनाची नारिंगी सुरक्षा नळी घ्या आणि तिच्यावर छापलेली तारीख पाहून ५ वर्षांच्या आत बदला. गाडीत मी तीन वर्षांतच बदलायला सांगतो, कारण घरातली नळी एका जागी शांत पडून असते आणि गाडीतली दिवसभर हादरे खाते. तेथून पुढे शेगडीपर्यंत तांब्याची नळी, मधे जोड नसलेली, अर्ध्या-अर्ध्या मीटरवर रबर लावलेल्या क्लिपने बसवलेली असावी. पत्रा किंवा फळी जिथे ओलांडायची तिथे भोकाच्या कडेला रबरी कडी (ग्रोमेट) बसवल्याशिवाय नळी घालू नये. आपल्याकडे जे घासले गेले ते याच एका वस्तूच्या अभावामुळे, आणि ती दहा-वीस रुपयांना मिळते. शेगडीजवळ गॅस तोडणारा स्वतंत्र कॉक घ्या, शेगडी ओट्याला पक्की बसवा, आणि शक्य असेल तर ज्योत विझताच गॅस आपोआप तोडणारी शेगडी घ्या. चहा उतू जाऊन किंवा वाऱ्याने बर्नर विझला तर तीच कामी येते.

सगळे झाल्यावर साबणाच्या फेसावर थांबू नका, कारण फेस फक्त जिथे हात पोहोचतो तिथलेच सांगतो. घरगुती रेग्युलेटरचा दाब साधारण ३० सेंटीमीटर पाण्याच्या स्तंभाइतका असतो. पारदर्शक नळी इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवून अर्धी पाण्याने भरा, तिचे एक टोक शेगडीजवळच्या चाचणीच्या जोडाला लावा आणि दुसरे मोकळे ठेवा. गॅस सोडला की दोन बाजूंच्या पाण्यात तेवढा फरक पडतो. मग रेग्युलेटर बंद करून दहा मिनिटे थांबा. पातळी जागची हलली नाही तर सगळी जोडणी पक्की. एका बोटाएवढीही उतरली तर कुठेतरी गळती आहे आणि ती सापडेपर्यंत गाडी हलवू नये. ही चाचणी जाणकार फिटरकडून, गाडीची दारे उघडी ठेवून, मोकळ्या जागेत करून घ्यावी.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात. गाडीच्या रचनेत केलेला बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली येतो आणि त्याची नोंद आरटीओमध्ये व्हावी लागते. कॅराव्हॅनसाठी एआयएस १२४ हे वेगळे मानकही आहे. आपण जुनी गाडी बदलून घेतली आहे, तेव्हा हे राहिले असेल तर आधी ते पूर्ण करा आणि विमा कंपनीलाही लेखी कळवा. सिलेंडर, व्हॉल्व्ह आणि रेग्युलेटर यांना मान्यता देणाऱ्या पेसो या केंद्रीय संस्थेचे मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे, तरी मान्यतेची खूण न पाहता रेग्युलेटर विकत घेणारे लोक याच शहरात मला रोज भेटतात, याचे वाईट वाटते.

बजाजनगर_सौर

गॅस अजिबात नको असेल तर तोही मार्ग आहे. १२.८ व्होल्टची २०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी म्हणजे सुमारे अडीच युनिट वीज. इंडक्शनवर कुकर लावून पाच माणसांचा वरण-भात आणि एक भाजी साधारण पाऊण ते एक युनिटात होते. चहा-नाश्ता धरून दिवसाला दोन युनिटांच्या आसपास खर्च येतो. गाडी चालू असताना ३० अँपिअरचा चार्जर तासाला सुमारे ०.४ युनिट भरतो, म्हणजे नागपूर ते पचमढी या पाच-सहा तासांच्या प्रवासात एका दिवसाचा स्वयंपाक बॅटरीत परत येतो. एका जागी दोन दिवस मुक्काम असेल तर मात्र छतावरच्या सौर पॅनेलची जोड लागते. पोळ्या गॅसवर होतात तशा होत नाहीत, हे प्रामाणिकपणे सांगतो. खर्चही गॅसच्या कितीतरी पट आहे. तथापि लहान मुले आणि वृद्ध गाडीत झोपणार असतील, तर मी स्वतः हाच पर्याय निवडला आणि त्याचा मला पश्चात्ताप नाही.

मानेवाडा_प्रवासी

दोन आठवड्यांनंतर लिहीत आहे. दुसऱ्या कारागिराकडून मागच्या कोपऱ्यात कप्पा करून घेतला. दार बाहेरून, तळाला १२ बाय १२ सेंटीमीटरचे भोक. तांब्याभर पाणी आईच्याच हातून ओतवले आणि ते सरळ खाली पडलेले तिने वाकून पाहिले. शेगडीपर्यंत एकसंध तांब्याची नळी घातली. पहिल्या चाचणीत पाण्याची पातळी चार मिनिटांत बोटभर उतरली. शेगडीजवळच्या कॉकचा नट सैल निघाला. तो आवळल्यावर दहा मिनिटे पातळी जागची हलली नाही. इंडक्शनचा विचार पुढच्या वर्षी करू, या वर्षीचा खर्च गाडीतच संपला. पचमढीत अंघोळीचे गरम पाणी मुक्कामाच्या ठिकाणी मिळेल असे ठरवून घेतले आहे. दोन सूचक यंत्रे बसवली: गॅसचे जमिनीपासून १५ सेंटीमीटरवर आणि कार्बन मोनॉक्साईडचे आईच्या उशीच्या उंचीवर. आरटीओच्या नोंदीचा अर्जही दिला आहे आणि ती नोंद हाती आल्यावरच निघायचे ठरवले आहे.

एक शंका उरली आहे. काल रात्री अंगणात गाडी उभी असताना मुलाने आत डासांचा फवारा मारला आणि गॅसचे यंत्र जोरात वाजू लागले. सिलेंडर तर गाडीत नव्हताच. यंत्र सदोष आहे का, बदलून घ्यावे का?

वाडी_फॅब्रिकेशन

सदोष नाही, उलट ते काम करते हे कळले. अशा बहुतेक फवाऱ्यांच्या डब्यांत औषध बाहेर ढकलण्यासाठी प्रोपेन-ब्युटेनच भरलेले असते, म्हणून यंत्राने त्याला ओळखले. सेंट, सॅनिटायझर यांनीही ते वाजू शकते. गाडीत फवारा मारू नका, मच्छरदाणी लावा. आणि ते वाजले की "फवाऱ्यामुळेच असेल" असे म्हणून त्याचे बटण दाबून गप्प करू नका. आधी सगळ्यांना बाहेर काढा, दारे उघडा, कारण नंतर शोधा. यंत्राच्या पाठीवर बदलण्याची तारीख छापलेली असते, ती गाडीच्या सर्व्हिसिंगच्या वहीत आजच लिहून ठेवा.